सुतोंड्याची वाट : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

१९८३ साली अजिंठा लेणी जागतिक वारसा यादीत गेली. त्याच वर्षी वेल्समधील ब्लॅनावन गावची ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण, १९८० मध्ये बंद पडलेली, लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. मुलीकडे कार्डिफला गेलो असताना ती पाहिली आणि तेव्हापासून अजिंठ्याच्या परिसरातल्या आमच्या सोयगाव तालुक्यातील किल्ल्या-लेण्यांविषयी आपल्याला लिहायचे मनात होते.

खाणीत उतरण्यापूर्वी मोबाईल, घड्याळ, सगळे काढून घेतात, कारण कोळशाच्या खाणीतल्या वायूला एक ठिणगी पुरते. मग दिव्याचे हेल्मेट, कमरेला बॅटरी, आणि पाळण्यातून नव्वद मीटर खाली. माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः जुने खाणकामगार होते. त्यांनी सर्वांना दिवे बंद करायला लावले, तेव्हा डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसेना. पुढे घोड्यांचा तबेला लागला. ठाणावर घोड्याच्या नावाची पाटी तशीच होती. वर आल्यावर त्यांनीच ब्लोरेंज डोंगराची पायवाट दाखवली. तिकडचे एक तळे लोहारखान्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले. आता त्याच्या काठी लोक शिदोरी सोडून बसतात. २००० साली ब्लॅनावन वारसा यादीत आले, ते एका खाणीसाठी नव्हे, तर १७८९ चा लोखंडाचा कारखाना, खाणी, दगडाच्या खदानी, रूळवाटा आणि कामगारांची घरे एकत्र धरून.

आमच्या डोंगरात कोळसा नाही, पण कातळ फोडण्याची विद्या आहे. सुतोंडा किल्ल्याचा दरवाजा अखंड कातळातून काढलेला आहे आणि पाण्याच्या टाक्यांवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. टाके खोदताना निघालेला दगड तटाला लावायचा आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठवायचे, ही डोंगरी किल्ल्यांची जुनी रीत. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणेही त्यानेच करविले. मंत्र्याने डोंगरात केलेले काम दीड हजार वर्षे टिकते, हे आपल्याला लिहिणे औचित्यभंग ठरू नये.

मागच्या श्रावणात सुतोंड्याला जाताना आम्ही वाट चुकलो. एका गुराख्याच्या पोराने वर नेले. कोणत्या टाक्याचे पाणी प्यायचे आणि कोणते नाही, हे त्याला तोंडपाठ होते. अशा मुलांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरलेला मेहनताना द्यावा. वाटेवर मराठी पाट्या आणि खडकावर बाणांच्या खुणा असाव्यात. पुरातत्त्व विभागाच्या सल्ल्याने टाक्यांतला गाळ काढावा. आणि फर्दापूरहून सोयगाव, बनोटीकडे सुट्टीच्या दिवशी एखादी जादा एसटी सोडावी. अजिंठा पाहून लोक संध्याकाळी परस्पर निघून जातात आणि आमच्या गावात चहासुद्धा घेत नाहीत. रोपवे, कारंजी आणि सेल्फी पॉइंट मात्र कृपया नकोत. त्यांच्या पायी डोंगर पोखरला जाईल आणि पैसा ठेकेदाराकडे जाईल.

आपण एकदा पावसाळ्यात यावे. हळद्याच्या घाटात गाडी थांबवली की वेताळवाडीचा किल्ला समोरच दिसतो. तिथून पुढे पायी जावे लागते, आम्ही सोबत येऊ.

आपला नम्र,
सोयगाव तालुक्यातील एक रहिवासी