क्लॅम्प सुटतो तेव्हा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

साहेब, नागपुरात प्रत्यारोपणाचा अवयव नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे मोकळा केलेला रस्ता, झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मोकळा वर्धा रोड, धावणारी ॲम्ब्युलन्स, हात वर केलेले ट्रॅफिक पोलीस. कौतुक व्हायलाच हवं. मी मात्र थिएटरमधली सिस्टर. माझा जीव पेटीतल्या किडनीत अडकलेला असतो.

बर्फातून काढलेली किडनी राखाडी, मेणासारखी दिसते. रक्तवाहिन्या जोडून झाल्या, क्लॅम्प (रक्त अडवून धरणारा चिमटा) सुटला, की बघता बघता गुलाबी होते, बोटाला घट्ट लागते. तेव्हा थिएटरमध्ये कोणी बोलत नाही. सगळ्यांचे डोळे मूत्रनलिकेच्या टोकाकडे, पहिला थेंब कधी येतो म्हणून. आणि नेमकी तेव्हाच तिला इजाही होत असते. रक्त थांबलेलं असताना पेशींत हायपोझँथिन, सक्सिनेट अशी रसायनं साचतात. ऑक्सिजन परत आला की त्यातून फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांचा, लोंढा सुटतो. मे महिन्यात उन्हातून आलेल्याला आपल्याकडे आई गटागटा पाणी पिऊ देत नाही, आधी गुळाचा खडा हातावर ठेवते. तसंच हे.

हा गुळाचा खडा म्हणजे अँटिऑक्सिडंट, फ्री रॅडिकल्सना आवरणारा पदार्थ. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी १९८० च्या दशकात काढलेला अवयव टिकवायला जे द्रावण तयार केलं, त्यात अ‍ॅलोप्युरिनॉल (हो, गाउटच्या गोळीतलंच) आणि ग्लुटाथिओन हे अँटिऑक्सिडंट आहे. पण ग्लुटाथिओन बाटलीत पडून पडून स्वतःच ऑक्सिडाइज होतं, म्हणजे त्याचा जोर जातो. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, ऐन वेळी कपाटातली या द्रावणाची बाटली मुदत संपलेली निघाली. दुसरीकडून येईपर्यंत दात्याचं बीपी सांभाळताना भूलतज्ज्ञांच्या नाकी नऊ आले. ती किडनी घेणाऱ्याला पुढे बरेच दिवस डायलिसिस लागलं. सगळं खापर बाटलीवर फोडत नाही मी, पण ती रात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा प्रत्यारोपण होणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात ताज्या बाटल्या हव्यात, आणि त्या नागपूरच्या उन्हाळ्यातही थंड राहायला हव्यात. जमलं तर किडनीतून द्रावण फिरवत ठेवणारं परफ्यूजन मशीनही द्या. २००९ साली युरोपातल्या मोठ्या चाचणीत नुसत्या बर्फापेक्षा मशीनवर ठेवलेल्या किडन्या लवकर कामाला लागल्या होत्या.

संशोधनाचंही बघा. उंदरांत गुण दाखवणारी कितीतरी अँटिऑक्सिडंट्स माणसांत फुसकी निघाली. क्लॅम्प सुटण्याआधी औषध मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागापर्यंत, पोचलेलं असावं लागतं, तिथेच बरंचसं घोडं अडतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट तर स्वस्तातलं औषध, पॅरासिटामॉलच्या विषबाधेत आम्ही नेहमी देतो. प्रत्यारोपणात त्याचे निकाल उलटसुलट आलेत. मेडिकल, मेयो, एम्स ही तिन्ही सरकारी रुग्णालयं एकाच शहरात आहेत. तिघांना मिळून नीट चाचणी करायला पैसे द्या. फक्त व्हिटॅमिन सीही अँटिऑक्सिडंट आहे म्हणून भाषणात नागपुरी संत्र्याचं नाव काढू नका. संत्री खाऊन हे होत नाही.

डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा, न कळवता, एखाद्या थिएटरमधलं कपाट उघडायला लावा आणि बाटलीवरची तारीख वाचा.

आपली,
एक थिएटर सिस्टर, नागपूर