शाळेतली पुस्तके थोडी हरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन पार पडला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त राज्यात २०१५ पासून तो पाळला जातो. अनेक हायस्कुलांत या दिवसाचा साचा ठरून गेला आहे. कपाटातली पुस्तके व्हरांड्यात मांडायची, मुलांना रांगेत बसवून हातात एकेक पुस्तक द्यायचे, फोटो काढायचे आणि मधल्या सुट्टीआधी पुस्तके मोजून परत कपाटात ठेवायची. यातले ‘मोजून’ महत्त्वाचे. शाळेचे ग्रंथालय मुलांच्या उपयोगी का पडत नाही याचे कारण लोक निधीत, जागेत, नाहीतर मोबाइलमध्ये शोधतात. मला ते आधी ‘चार्ज’मध्ये दिसते.

शाळेत आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक. शिक्का शीर्षकपानाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरावीक पानावर मारतात, म्हणजे पहिली पाने फाडली तरी पुस्तक ओळखता येते. हे सगळे ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे ग्रंथालयाचा चार्ज. पट पुरेसा असेल तर शाळेला ग्रंथपाल मिळतो, नाहीतर हे काम बहुधा भाषेच्या शिक्षकांच्या गळ्यात पडते. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी पुस्तके मोजली जातात. दोन हजारांत चाळीस कमी भरली की पैसे कोणी भरायचे हा प्रश्न उभा राहतो आणि चार्ज सोडणाऱ्याचे कागद अडकतात. मग शहाणा माणूस पहिल्याच वर्षी कपाटाला कुलूप घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पुस्तक हरवले तर शिक्षा आहे आणि न वाचता कसर लागून गेले तर कुणीच विचारत नाही.

केंद्र सरकारने याचा विचार कधीच करून ठेवला आहे. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या नियम २१५ नुसार वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा वाचनालयात हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ती तूट रास्त मानतात. अट एवढीच की ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीमुळे झालेली नसावी. हजार रुपयांवरचे पुस्तक आणि दुर्मिळ ग्रंथ यांची मात्र चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर संपूर्ण मोजणी दरवर्षी. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आपल्या अनुदानित हायस्कूलला ते आपोआप लागू होत नाहीत. पण त्यातली मोजपट्टी बघा. तूट कपाटातल्या पुस्तकांवर मोजलेली नाही, वापरावर मोजली आहे. सहाशे मुलांनी वर्षाला सात-सात पुस्तके नेली तर देवघेव ४,२०० होते आणि एकवीस पुस्तकांची तूट रास्त ठरते. ज्या शाळेने वर्षभरात दोनशेच पुस्तके दिली तिला एकाच पुस्तकाची सूट. जास्त वाटप करणाऱ्याला जास्त मोकळीक, असे हे गणित आहे.

शाळा समितीने असाच ठराव करून ठेवावा आणि मोजणी दरवर्षी एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर करावी. हरवलेल्या व फाटलेल्या पुस्तकांची वेगळी यादी, समितीची मंजुरी, मग दाखल नोंदवहीच्या शेरा रकान्यात लाल शाईने ‘निर्लेखित’ (म्हणजे हिशेबातून वगळले) आणि ठरावाची तारीख. एवढे दरवर्षी झाले की पंधरा वर्षांची तूट एकाच माणसाच्या निवृत्तीच्या महिन्यात बाहेर येत नाही. शिक्षण विभागाने ही मर्यादा परिपत्रकानेच घालून दिली तर प्रत्येक शाळेला स्वतंत्र धाडस करावे लागणार नाही.

कुलूप निघाल्यावर दुसरी अडचण येते ती वेळेची. एका नोंदवहीत तारीखवार नोंदी करायच्या म्हटल्या तर एका मुलामागे मिनिट जाते. तीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत चाळीस मुले आली की दहा मुले रिकाम्या हाताने परततात आणि ती पुन्हा फिरकत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाड कागदाचा खिसा चिकटवून त्यात एक पत्र, म्हणजे छोटे कार्ड, ठेवावे, त्यावर दाखल क्रमांक आणि पुस्तकाचे नाव. पुस्तक देताना मुलाने पत्रावर स्वतःचे नाव, तुकडी, तारीख लिहायची आणि पत्र शाळेत ठेवून जायचे. पत्रे परतीच्या तारखेप्रमाणे बुटाच्या रिकाम्या खोक्यात लावली की कोणाचे पुस्तक थकले ते नोंदवही न चाळता दिसते. नववीची दोन मुले हे काम सहज सांभाळतात. कोणते पुस्तक कधीच बाहेर गेले नाही, हेही कोऱ्या पत्रावरून कळते. पुढच्या खरेदीच्या वेळी ते फार उपयोगी पडते.

मांडणीत दशांश वर्गीकरणाचा, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला अंक देण्याचा, हट्ट धरू नये. त्या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. मराठी शाळेत निम्मे कपाट त्या एकाच अंकाखाली येते, आणि बत्तीस पानी पिन मारलेल्या पुस्तकाला कणाच नसतो, तर अंक चिकटवायचा कुठे? कथा, कविता, विज्ञान, चरित्र, खेळ अशा रंगीत पट्ट्या पुरतात. पातळ पुस्तके उभी खोचू नयेत, मुखपृष्ठ दिसेल अशी दोरीवर टांगावीत किंवा भाजीच्या क्रेटमध्ये ठेवावीत.

आता वेळापत्रक. ग्रामीण हायस्कुलांत शाळा सुटणे आणि एसटी येणे यांत बरेचदा अर्धा-पाऊण तास जातो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, त्यामुळे त्या त्याच गाडीसाठी थांबतात, बहुतेक वेळा फाटकाशी किंवा थांब्यावर उभ्या. ग्रंथालय उघडे ठेवायची खरी वेळ ही. साडेपाचची गाडी असेल तर पाच ते सव्वापाच देवघेव आणि बसून वाचन, मग दहा मिनिटांत आवरून बाहेर. गाडीचे वेळापत्रक दारावर लावावे. गाडी चुकेल या धास्तीने मुली आत येत नाहीत, असे नको.

याच खोलीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल असावी. परीक्षा आठवीत असते आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांना त्याची माहिती बरेचदा अर्जाची मुदत संपल्यावर होते. फाइलच्या पहिल्याच पानावर लागणाऱ्या दाखल्यांची यादी चिकटवली तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलची धावपळ वेळेत सुरू होते.

पुस्तकपेढी आठवीपर्यंत लागत नाही, तिथे अनुदानित शाळांना पाठ्यपुस्तके मोफत येतात. गरज नववी-दहावीला. दहावीचे संच शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी परत घ्यावेत. निकालापर्यंत थांबले तर निम्मे संच मामाच्या गावाला गेलेले असतात. एक सावधगिरी हवी: अभ्यासक्रम बदलला की सगळी पेढी एका दिवसात रद्दी होते. दहावीची पुस्तके २०१८ साली बदलली तेव्हा हेच झाले. बदलाची चाहूल असेल त्या वर्षी पेढीसाठी नवे संच घेऊ नयेत.

खरेदीबद्दल फार लिहीत नाही. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून मोठ्या सवलतीचे गठ्ठे घेतले जातात आणि त्यात कोणी न मागितलेले निबंधसंग्रह निघतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दारात एक मागणी वही टांगून ठेवावी आणि ज्या पुस्तकाला पाच मुलांनी मागणी केली त्याच्या तीन प्रती घ्याव्यात.

पावसाळ्यानंतर मात्र एक काम चुकवू नये. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, नाहीतर ओल मागून शिरते. बुरशी आलेली पुस्तके कडक उन्हात टाकू नयेत, कागद कडक होऊन मोडतो. सावलीत वाऱ्यावर सुकवून कोरड्या ब्रशने बाहेर झटकावीत. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही, आणि मुले बसतात त्या खोलीत त्या नकोतच. कोकणात पिना गंजून पाने सुटतात. पिन काढून तीन भोकांतून मेणाच्या दोऱ्याने शिवावे. सेलोटेप लावलेले पान काही वर्षांत पिवळे पडते आणि डिंक शेजारच्या पानाला धरतो.

गावासाठी यातून काय निघते, असे कोणी विचारील. पुस्तक घरी गेले की ते एकटे मूल वाचत नाही. आई, आजोबा, शेजारी चाळतात. म्हणून ग्रंथालयात शेळीपालन, ठिबक, शिवणकाम यांवरची चार पुस्तके असू द्यावीत. दिवाळी अंक तर गावातूनच गोळा होतात. पाडव्यानंतर घरोघरी वाचून झालेले अंक मुलांनी मागून आणावेत. ते दाखल नोंदवहीत घेऊ नयेत, फक्त शिक्का मारून उघड्या खोक्यात ठेवावेत. नोंदच नसल्याने ते कोणाच्या चार्जमध्ये नसतात, त्यामुळे ते हातोहात फिरतात. पुस्तकांनाही हेच कसे साधेल, एवढाच प्रश्न आहे. सार्वजनिक वाचनालय जवळ असेल तर शाळेने संस्था म्हणून सभासद होऊन महिन्याला पन्नास पुस्तकांची पेटी बदलून घ्यावी.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे. सुट्टीआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक मुलाला दोन पुस्तके द्यावीत, पत्रावर परतीची तारीख शाळा उघडल्यानंतरच्या सोमवारची घालावी. त्या सोमवारी काही पुस्तके येणार नाहीत. त्यांची यादी करून एप्रिलपर्यंत वाट पाहावी.

आपला,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल
जि. सातारा