खंडेनवमीला ये

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गणपतीत आला होतास तेव्हा जेवता जेवता बोलून गेलास, "बाबा, आपल्या शॉपमध्ये टेक्नॉलॉजी म्हणून काही नाहीच." मी आमटीत भाकरी कुस्करत राहिलो. राग नाही आला रे, पण तो शब्द तेव्हापासून डोक्यात फिरतोय.

तुझ्या आजोबांना हा शब्द माहीत नव्हता. गुऱ्हाळावर बैल जाऊन ऑइल इंजिन आलं, ते त्यांच्या तोंडी 'इंजान'. भावकी म्हणायची, आता गुळाला डिझेलचा वास मारणार. तसलं काही झालं नाही. ती इंजिनं आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातच बनायची. बिघडलं की शेतकरी गाडीत घालून आणायचा आणि मेस्त्री त्याच्यासमोरच नटबोल्ट खोलून बसायचा. मी आयटीआय करून लेथवर उभा राहिलो तेव्हा माझ्यासाठी तंत्रज्ञान म्हणजे तेच होतं. आता इंजिनाला तसं कोण म्हणतंय? तू ज्याला टेक्नॉलॉजी म्हणतोस ते सगळं काचेच्या मागं असतं.

पावसाळ्यात तुझा मेसेज ठरलेला, "राधानगरीचे किती उघडले?" ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्याच जोरावर उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. बटण नाही, पासवर्ड नाही. आणि तुमच्या लेखी टेक्नॉलॉजी कुठली, तर दरवाजा उघडल्याची बातमी देणारा फोन! याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. कॅमेरा आतून कसा चालतो हे ज्याला कळत होतं, तोच त्यातून बघत होता.

म्हणून मी फोनच्या विरोधात आहे असं समजू नकोस. २०१९ च्या पुरात पहिले दोन दिवस त्याच फोनवर आम्ही जीव धरून होतो. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेली होती. मग शुक्रवार पेठेतली लाइट गेली, बॅटऱ्या उतरल्या, रेंजही गेली. शेजारच्या काकींनी खडूनं जिन्याच्या भिंतीवर रेघ मारली आणि तासातासाला बॅटरी मारून बघत बसल्या. रेघ बुडाली की वर नवी रेघ. तिसरी बुडाली तेव्हा आजीला खांद्यावर घेऊन आम्ही बाहेर पडलो. त्या रेघा अजून आहेत. रंगारी आला होता, तुझ्या आईनं तेवढी भिंत पुसू दिली नाही.

आता खरं दुखणं सांगतो. तू गेल्यावर आपलं व्हीएमसी, ते कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन, नऊ दिवस बंद होतं. स्पिंडल ठणठणीत, मोटर ठणठणीत, नुसता स्क्रीनवर अलार्म. कंट्रोलरचं एक पान उघडायला पासवर्ड लागतो आणि तो कंपनीच्या इंजिनिअरकडंच. फोन केला की "तिकीट रेझ केलंय." दहाव्या दिवशी पोरगं आलं, तुझ्याच वयाचं. चार आकडे दाबले, मशीन सुरू, चहा घेतला, बिल दिलं. मी मागं उभा होतो तर स्क्रीनसमोर आडवा झाला, मला आकडे दिसू नयेत म्हणून! चाळीस वर्षं या हातांनी जॉब काढले आणि स्वतःच्या पैशानं घेतलेल्या मशीनपुढं मी परका. हप्ता मात्र माझ्याच नावावर.

ते मशीन वाईट नाही. मायक्रॉनमध्ये माप धरतं, आणि माझा हात आता थोडा थरथरतो, हे तुलाही दिसलं असेल. पण तूही तसलंच काहीतरी बनवत असणार. बनवताना त्याला एक झाकण ठेव, वापरणाऱ्याला स्क्रू काढून आत बघता येईल असं. तुझे साहेब नको म्हणतील. एकदा विचारून तरी बघ.

बाकी सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. खंडेनवमीला सुट्टी काढ, लेथला हार तू घालायचास. लॅपटॉपही आण. गेल्या वर्षी व्हर्नियरशेजारी ठेवलास तेव्हा आईनं त्यालाही हळदीकुंकू लावलं आणि थोडं कुंकू कीबोर्डात पडलं. ते निघालं का रे?

तुझे,
बाबा