छत्तीसनंतर एकदम अडतीस

नॉक्सव्हिल, टेनेसी
१२ ऑक्टोबर, रात्री उशिरा

प्रिय शालू,
सप्रेम सलाम.

दीड वर्ष झालं तुला पत्र नाही. तुझं नाताळचं कार्ड अजून फ्रीजवर लावलेलं आहे, आणि रोज दूध काढताना त्याला उत्तर दिलं नाही याची टोचणी लागते. आज बसलेच, कारण घडलंय असं की इथं कुणाला सांगून कळायचं नाही. फोनवर सांगायला गेले तर मी रडेन, नाहीतर तू भाजी करपली म्हणून मध्येच पळशील. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, थंडीत गुडघा कुरकुरतो. झालं.

आशिष नोव्हेंबरात बाप्तिस्मा घेणार आहे. हे ऐकून तुला आनंद होईल, मलाही झाला होता. त्यासाठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दर गुरुवारी वर्ग असतो. गेल्या गुरुवारी तो घरी आला तो जेवलाच नाही. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला मी दिलेलं शास्त्र, ते काळ्या चेनच्या कव्हरचं इंग्रजी बायबल, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय उघडला. "आई, वाच." मी वाचलं. फिलिप्प, रथ, तो षंढ, वाटेवरचं पाणी. छत्तिसावं वचन: हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? आणि त्यानंतर एकदम अडतीस. "थर्टी-सेव्हन कुठंय?" तो म्हणाला.

मी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं मोहरीएवढ्या अक्षरात टीप आहे, की काही हस्तलिखितांत इथं अमुक शब्द आहेत. तो म्हणाला, "तळाशी का? 'येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा मी विश्वास धरतो', हेच वाक्य त्यांनी काढलंय. ज्या वाक्यावर माझा बाप्तिस्मा होणार, तेच. तू मला कापलेलं शास्त्र दिलंस." आणि उठून ते गॅरेजमधल्या खोक्यात टाकून आला. शालू, तेविसाव्या स्तोत्राच्या पानावर हळदीचा डाग आहे बघ त्यात. तो आठ वर्षांचा असताना माझ्याच शास्त्रातून आम्ही ते पाठ करायचो, मी पोळ्या लाटता लाटता. ते माझं जुनंच शास्त्र नवीन कव्हर घालून मी त्याला दिलं होतं.

तुला माहीतच आहे आमची मंडळी किंग जेम्सवाली आहे, १६११ चं ते इंग्रजी भाषांतर तेवढंच मानणारी. बाहेर पाटीवरच १६११ लिहिलंय. हे गेल्यावर मी तिथं जायला लागले तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. इंग्रजीतलं ते जुनं भाषांतर कानाला किती गोड लागतं, तुला मी होस्टेलमध्ये वाचून दाखवायचे आणि तू उशीखालचा चिवडा खात ऐकायचीस. (मेट्रन टॉर्च घेऊन आली की चिवड्याच्या डब्यावर शास्त्र, आणि तिचं ते "व्हेरी गुड गर्ल्स"!) पण इथल्यांचं म्हणणं निव्वळ गोडीचं नाही. ते म्हणतात, देवानं आपलं वचन पिढ्यानपिढ्या जपायचं अभिवचन दिलंय, स्तोत्र १२, आणि इंग्रजीत ते याच एका पुस्तकात जपलंय. बाकीची नवी इंग्रजी भाषांतरं, एनआयव्ही, ईएसव्ही, आरएसव्ही, सगळी भ्रष्ट हस्तलिखितांवरून केलेली. पाळकसाहेबांनी वर्गात तक्ता वाटलाय. डाव्या रकान्यात किंग जेम्स, उजव्या रकान्यात एनआयव्हीनं काय काय "चोरलं".

त्यांना मी वाईट म्हणणार नाही. हे आयसीयूत होते तेव्हा सलग चार रात्री माझ्याबरोबर खुर्चीवर बसले होते ते. त्यांच्या मनातली भीतीही मला कळते. एक वचन संशयात गेलं की दुसरं जाईल, मग तिसरं, मग हातात काय उरणार? १९५२ मध्ये आरएसव्ही आलं, त्यात यशया ७:१४ ला 'कुमारी'ऐवजी 'तरुणी' छापलं, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकानं ते पान जाहीरपणे जाळलं होतं. जाळणं मला पटणार नाही, पण त्यामागची कळ मी समजू शकते.

त्या गुरुवारपासून तीन रात्री मी वाचत बसलेय. रविवारची ड्यूटीसुद्धा अर्ध्या झोपेत केली. आता तुला सांगते, तू नर्स आहेस, तुला एका वाक्यात कळेल. आपण केसपेपर उतरवून घेताना काय व्हायचं? मागच्या शिफ्टच्या बाईनं कडेला काहीतरी टीप लिहिलेली असायची, आणि पुढच्या शिफ्टची नवखी मुलगी ती ऑर्डर समजून आत उतरवून घ्यायची. सदतिसाव्या वचनाचं तसंच आहे. सगळ्यांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकनच्या प्रतींत, ते नाही. पुढच्या बहुतेक ग्रीक प्रतींतही नाही. १५१६ साली इरास्मस नावाच्या विद्वानानं बाझेलला पहिला ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला ते एका हस्तलिखिताच्या समासात सापडलं. नकलणाऱ्यांच्या हलगर्जीपणानं गळलं असेल असं समजून त्यानं ते आत घेतलं, आणि तिथून ते किंग जेम्सपर्यंत आलं. वचनांना आकडे मिळाले १५५१ साली, एस्तियेनच्या छापखान्यात, आणि त्याच्या प्रतीत ते वचन होतं. म्हणून आज ते खाली नेलं की आकडा तुटतो आणि पडलेल्या दातासारखी फट दिसते. आकडे आधी नसते तर आशिषला काही दिसलंच नसतं.

आणि ते वाक्य खोटं नाही गं. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या मंडळीच्या पुढाऱ्यालाही ती कबुली ठाऊक होती. बाप्तिस्मा घेणाऱ्याला मंडळी हेच विचारत असणार आणि तो हेच म्हणत असणार. आपणही म्हटलंय. फक्त प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं ते तिथं लिहिलं होतं का, एवढाच प्रश्न आहे. आपल्याला मेट्रननं काय शिकवलं होतं? चूक झाली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. ती तळटीप म्हणजे ती सही आहे, शालू. ज्याला लपवायचं असतं तो टीप देत नाही.

शनिवारी रात्री अकराला मी आशिषला पुन्हा टेबलाशी बसवलं. त्याच्या तक्त्यातली सगळ्यांत मोठी ओळ होती कलस्सैकरांस १:१४. किंग जेम्समध्ये "त्याच्या रक्ताद्वारे", एनआयव्हीत हे शब्द नाहीत. खाली लाल अक्षरांत: रक्त काढून टाकलं! मी म्हटलं, आता एनआयव्हीतच इफिसकरांस १:७ काढ. त्यानं फोनवर काढलं. तिथं आहे, शब्दन् शब्द, त्याच्या रक्ताद्वारे खंडणी. मग योहान १:१८ काढायला लावलं. तिथं एनआयव्ही पुत्राला सरळ देव म्हणतं, किंग जेम्समध्ये तो शब्द तिथं नाही. येशूला कमी लेखायचं असतं तर असं कुणी केलं असतं का? तो काही बोलला नाही. नखानं तक्त्याचा कोपरा दुमडत बसला.

मग मी लायब्ररीतून आणलेली १६११ च्या छपाईची प्रतिकृती दाखवली. केवढं धूड आहे ते! त्यात जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये अपोक्रिफा आहे, आजच्या बहुतेक प्रोटेस्टंट बायबलांत नसलेली ती जादा पुस्तकं. पाटीवर १६११ लिहिणाऱ्यांच्या हातात आज जी प्रत असते ती बहुतेक १७६९ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीवरची. आणि लूक १७:३६ ला १६११ च्या समासात काय छापलंय? हे वचन बहुतेक ग्रीक प्रतींत नाही. म्हणजे आशिषला जी टीप चोरी वाटली, तीच टीप किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी स्वतः दिली होती. ते सत्तेचाळीसएक विद्वान, वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड, केंब्रिजला सहा गटांत बसून काम करणारे. प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की निरनिराळी भाषांतरं असणं अर्थ कळायला उपयोगीच असतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांच्या नावानं भांडणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी मोकळे होते.

एनआयव्ही धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणत नाही. २०११ ची नवी आवृत्ती आली तेव्हा पाठ असलेल्या कितीतरी ओळी बदलल्या आणि मी वैतागले होते. पण किंग जेम्समध्येही धोके आहेत. हे गेले तेव्हा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातला चौथा अध्याय वाचला होता. त्यातल्या 'प्रिव्हेंट'चा अर्थ तेव्हाच्या इंग्रजीत 'आधी जाणं' असा होता, आणि आशिष इतकी वर्षं समजत होता की आपण जिवंत लोक बाबांना अडवणार नाही असं काहीतरी लिहिलंय. त्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा तो खूप वेळ गप्प होता.

खरी काळजी आता सांगते. त्यानं किंग जेम्स वाचावं, जन्मभर वाचावं, मला चालेल. पण त्याचा सगळा विश्वास त्यांनी एका खुंटीवर टांगलाय. तो एकोणीस वर्षांचा आहे. उद्या कॉलेजात कुणीतरी त्याला सांगणारच, की इरास्मसच्या हातातल्या प्रतीत प्रकटीकरणाची शेवटची सहा वचनं नव्हती, ती त्यानं लॅटिनवरून ग्रीकमध्ये केली. योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:७, ते त्रैक्याचं वचन, त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हतं, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. हे सगळं खरं आहे. त्या दिवशी खुंटी निखळली तर हा प्रभूलाच सोडून देईल का? मी आयसीयूत किती जणांचे हात धरले, पण हा विचार आला की माझेच हात गार पडतात.

आणि दुसरं, जे फक्त तुलाच सांगते. रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना विचारलं, माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. ती अक्षराखाली बोट फिरवत मराठी शास्त्र वाचायची, त्याच शब्दांवर ती प्रभूकडे गेली. ते देवाचं वचन होतं की नव्हतं? ते अगदी प्रेमानं म्हणाले, "सिस्टर, मराठीत किंग जेम्सवरून भाषांतर व्हायला हवं. आपण प्रार्थना करू, निधीही उभा करू." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. आणि त्या क्षणी मला तू दिसलीस, शालू. खोली नंबर नऊ, तू पलंगावर, पाठ माझ्याकडे करून.

आठवतंय ना? तुझ्या केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या भाषांतराला मी हसले होते. शब्दाला शब्द ठेवलाय, ओबडधोबड आहे, आमचं बायबल सोसायटीचं बघ कसं वाहतं, असं म्हणाले होते. तू आठ दिवस बोलली नाहीस. जेवणाच्या ताटावरही नाही. शेवटी मिठाची डबी मागायला बोललीस आणि मी मुद्दाम साखरेची दिली! तेव्हा मला कुठं कळत होतं, की ती बाई खेड्यातल्या बायकांना कळेल असं शास्त्र हवं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकली, वर्षानुवर्षं त्यावर बसली, आणि तिच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली, पूर्ण पुस्तक तिच्यामागे आलं. तिला कुणी सांगितलं असतं का, बाई, आधी इंग्रजीवरून कर? तुझी आजी त्याच छापखान्यात होती आणि मी तुझ्यासमोर हसले. इतक्या वर्षांनी माफी मागतेय. नीट मागतेय, साखरेची डबी मध्ये न आणता.

पिंकीच्या लग्नाचं काय झालं? नाशिकचं स्थळ पक्कं झालं का ते कळव. भाऊजींना म्हणावं, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. निवृत्तीनंतर घरी बसून तू कंटाळली असशील. तिकडचा पाऊस थांबला का?

आता एक काम कर. माझ्या आईचं शास्त्र तुझ्याकडेच आहे, ट्रंकेत, तिच्या पांढऱ्या लुगड्याखाली. ते काढ. आणि तुझं रमाबाईंचंही काढ. दोन्हींतलं प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय, छत्तीस ते अडतीस, त्या पानांचे फोटो पाठव. कडेला आईनं पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर तेही येऊ दे. फोटोत तुझा अंगठा आणू नकोस, नेहमी आणतेस. बाप्तिस्मा नऊ नोव्हेंबरला आहे. त्याच्या आधी एका रात्री मला आशिषला ती दोन्ही पानं दाखवायची आहेत. त्याला मराठी वाचता येतं, सावकाश, बोट फिरवत.

तुझीच,
नंदा