आवाहन : ऊन लागलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास

समस्त गावकरी मंडळी आणि कामधंद्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईला गेलेली आपली लेकरं, सर्वांना नमस्कार.

मे महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्याचं नाव बातम्यांत येतं ते पाऱ्यामुळे. ४५ अंशांचं आपल्याला नवल राहिलं नाही. तरीही कुणी ऊन लागून पडलं, की आपण आधी गाडी शोधायला धावतो. तोवर त्याला तापलेल्या पत्र्याखाली निजवतो, तोंडात पाणी ओततो, तापाची गोळी देतो. उष्माघाताच्या तापाला ती गोळी लागू पडत नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. अंग १०४ फॅरनहाइटपर्यंत तापलं आणि माणूस बरळू लागला, तर आधी त्याला थंड करायचं, मग न्यायचं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळं अंग ओलं करून वारा घाला. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. १०८ ला फोन दुसऱ्यानं तेवढ्यात लावायचा. खिशातल्या कांद्याला आमची हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

अहमदाबादनं २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, पुढे नागपूरनंही केला. तेंदूपत्त्याच्या जंगलात मात्र महापालिका नसते. ‘सकाळी लवकर जा, अकराच्या आत परता’ हा सरकारी सल्ला बरोबरच आहे, पण झुंजूमुंजू जंगलात शिरायचं तर वाघाची भीती. म्हणून आपल्या बाया उजाडल्यावर निघतात आणि भर उन्हात पुडे बांधत बसतात. गावात उष्माघातावरच्या प्रथमोपचारांचं प्रशिक्षण घेणार आहोत, त्यात हा पेच बोलावाच लागेल. वन विभागाच्या कर्मचाऱ्यांनाही त्यासाठी बोलावतो आहोत.

ग्रामपंचायत आणि ग्राम आरोग्य समितीनं ठरवलं आहे, की मोहफुलं वेचणं सुरू व्हायच्या आत प्रत्येक मोहल्ल्यातली दोन माणसं, तेंदूपत्त्याच्या फळीवरचे (संकलन केंद्रावरचे) मुन्शी, रोजगार हमीचे मेट आणि ट्रॅक्टरचालक यांना हे प्रथमोपचार हातानं करून शिकवायचे. आशाताई एकटी किती ठिकाणी पुरणार?

यासाठी डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, ताडपत्री, पाण्याचे कॅन आणि बर्फाच्या थर्माकोल पेट्या लागतील. वस्तू द्या किंवा पैसे द्या. कुणाच्या घरी निवृत्त नर्सबाई किंवा डॉक्टर असतील, तर त्यांची एक दुपार द्या. ती आम्हाला पैशापेक्षा मोलाची. लग्नघरांना वेगळी विनंती: मांडवात पाण्याच्या टाकीशेजारी ओआरएस आणि एक थर्मामीटर ठेवा.

देणगी फक्त ग्रामपंचायत कार्यालयात किंवा समितीच्या बँक खात्यात भरावी आणि पावती मागून घ्यावी. रोख रक्कम गावात फिरून कुणी गोळा करणार नाही. खर्चाचा हिशेब महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत वाचून दाखवू.

– सरपंच, सदस्य व ग्राम आरोग्य समिती