जाताना काय जमा करतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुका आल्या की तुमच्या पानांवर रणनीतीकारांची छायाचित्रे उमेदवारांपेक्षा मोठी असतात. पुढे त्यांतले काहीजण सरकारात सल्लागार होतात, तेही ठळक छापून येते. मग एक दिवस ते पद सोडतात आणि बातमी चार ओळींची होते. त्या चार ओळींच्या पुढचे मला वाचायचे आहे, म्हणून हे पत्र.

मी राज्य शासनाच्या एका विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शेवटचा महिना सह्या गोळा करण्यातच गेला. ना-देय प्रमाणपत्र, ना-चौकशी प्रमाणपत्र, ओळखपत्र जमा, नस्त्यांची यादी करून ताबा दिल्याची पोच. कपाटाच्या तीन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडून हरवली होती. त्या किल्लीपायी माझे कागद आठ दिवस पडून राहिले, शेवटी कुलपाचे पैसे भरले तेव्हा हलले. चूक माझीच होती, तक्रार नाही.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या संस्थेची प्रकरणे आमच्या कक्षात येत. म्हणाले, "साहेब, रोज यायला नको. नस्ती कुठल्या टेबलावर अडली तेवढं बघायचं." सांगितलेला आकडा माझ्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त होता. मी नाही म्हणालो. सज्जनपणाचा आव आणत नाही, दोन दिवस विचार केला होता. पण माझ्या खुर्चीत आता जी बाई बसते ती माझ्याच हाताखाली तयार झालेली. मी दारात दिसलो की ती उठून उभी राहते. त्या गृहस्थांना माझे टिपणी लिहिण्याचे कसब नको होते. त्यांना तिचे ते उठून उभे राहणे विकत हवे होते.

हे मला नीट कळले ते पुढे अमेरिकेतले एक प्रकरण वाचताना. डेव्हिड प्लफ हे ओबामांच्या २००८ च्या प्रचाराचे सूत्रधार. २०११ ते २०१३ ते व्हाइट हाउसमध्ये वरिष्ठ सल्लागार होते. बाहेर पडल्यावर २०१४ मध्ये उबर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले. २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी शिकागोचे महापौर रॅम इमॅन्युएल यांना थेट ईमेल केला, विमानतळावरून उबरने प्रवासी घेण्याच्या अटींबद्दल. ईमेल गेला महापौरांच्या खासगी पत्त्यावर. इमॅन्युएल हेही ओबामांचेच माणूस, त्यांचे पहिले चीफ ऑफ स्टाफ. गंमत अशी की हे दोघे व्हाइट हाउसमध्ये बरोबरीने कधी बसलेच नाहीत. इमॅन्युएल ऑक्टोबर २०१० मध्ये बाहेर पडले, प्लफ जानेवारीत आत आले. पण धनी एकच. तेवढी ओळख पुरली.

शिकागोचा नियम असा, की एखाद्या धंद्याच्या वतीने महापालिकेकडे शब्द टाकणाऱ्याने आधी नाव नोंदवायचे. प्लफ यांनी ते नोंदवले नव्हते. महापौरांचे ते ईमेल उघड झाले तेव्हा ही गोष्ट बाहेर आली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये शहराच्या नीतिमंडळाने त्यांना ९० हजार डॉलर दंड केला. तेव्हाच्या भावाने साठेक लाख रुपये. एका ईमेलला!

आता आपल्याकडे पाहू. केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायची असेल तर सरकारची परवानगी लागते. वर्ष म्हणजे काही फार नाही, तरी नियम आहे. तो आहे कुठे? पेन्शनच्या नियमांत. म्हणजे दोरी पेन्शनला बांधलेली आहे. ज्याला पेन्शनच नाही, त्याला ती कुठून लागू पडणार?

प्रशांत किशोर यांचे उदाहरण घ्या. त्यांच्यावर आरोप म्हणून नव्हे, सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून. बिहारची निवडणूक जिंकून दिल्यावर जानेवारी २०१६ मध्ये नितीशकुमारांनी त्यांना सल्लागार केले, दर्जा मंत्र्याचा. त्याच वर्षी ते पंजाब आणि उत्तर प्रदेशात काँग्रेसचा प्रचार आखत होते. मार्च २०२१ मध्ये पंजाबात अमरिंदर सिंग यांचे प्रधान सल्लागार झाले, पुन्हा मंत्र्याचा दर्जा आणि मानधन एक रुपया. ऑगस्टमध्ये राजीनामा. या एक रुपयाचे आपल्याकडे फार कौतुक होते. मी लेखा शाखेतही काढली आहेत काही वर्षे. जो माणूस पगार घेत नाही त्याच्यावर सेवानियम चालवणे किती अवघड, ते मी जाणतो.

पुढे २०२२ च्या गांधी जयंतीला चंपारणातून त्यांची पदयात्रा निघाली, २०२४ च्या गांधी जयंतीला पक्ष झाला, आणि २०२५ मध्ये बिहारच्या मतदारांनी त्या पक्षाला एकही जागा दिली नाही. मला विचाराल तर पद सोडल्यावर करण्यासारखे हे सर्वांत सरळ काम. उन्हात चालायचे, मत मागायचे, पडायचे. त्याच निवडणुकीआधी त्यांनी पत्रकार परिषदेत स्वतःच सांगितले की तीन वर्षांत सल्ल्याच्या कामातून आपल्याला सुमारे २४१ कोटी मिळाले, त्यावर इतका जीएसटी भरला, इतका आयकर भरला. आरोपांना उत्तर म्हणून सांगितले, पण सांगितले. मात्र सांगायचे की नाही, कधी आणि किती, हे सगळे त्यांच्या मर्जीवर होते. विचारण्याचा अधिकार कुठल्याच कार्यालयाला नव्हता. त्यांनी सांगितले नसते तर आपण काय करणार होतो?

आपल्या राज्यात आत येतानाची छाननी तरी सुरू झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्र्यांनी खासगी सचिव आणि विशेष कार्य अधिकारी म्हणून सुचवलेल्या १२५ नावांपैकी १०९ मुख्यमंत्र्यांनी मंजूर केली आणि बाकीची अडवली. 'फिक्सर' हा शब्द तेव्हा गाजला. चांगले झाले. पण जी १०९ आत गेली, ती कधीतरी बाहेर येतीलच ना? कोण कोणाच्या कार्यालयात बसले हे आपण छापतो. तिथून उठून कोण कोणाच्या कंपनीत गेले, याची यादी मला अजून कोणत्याही वर्तमानपत्रात दिसलेली नाही.

ब्रिटनमध्ये यासाठी एक समिती होती, १९७५ पासून. तिला दात नव्हते, २०२५ मध्ये ती मोडीतच काढली. तसली समिती मला नको. माझी सूचना एका कलमाची आहे. सल्लागार किंवा विशेष कार्य अधिकारी नेमण्याच्या आदेशातच लिहावे, की पद सोडल्यावर दोन वर्षे मी कोणासाठी काम करतो ते शासनाला कळवीन. आणि कोणाच्या कामासाठी पूर्वीच्या विभागात आलो, तर त्याची नोंद होईल. ती नोंद संकेतस्थळावर टाकावी. आमच्या वेळी आवक नोंदवहीत साध्या पोस्टकार्डालाही क्रमांक पडायचा.

मागच्या नोव्हेंबरात एका जुन्या देयकाच्या कामासाठी मी माझ्या विभागात गेलो होतो. बाहेरच्या बाकावर माझ्या आधी दोन वर्षे निवृत्त झालेले एक सहकारी बसले होते, मांडीवर प्लास्टिकची पातळ फाइल. मी विचारायच्या आतच म्हणाले, "काही नाही हो, हयातीचा दाखला द्यायला आलो होतो."

हयातीचा दाखला आम्ही दोघेही बँकेत देतो. एकाच शाखेत.

आपला,
एक निवृत्त कक्ष अधिकारी, डोंबिवली (पूर्व)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)