बागेच्या गेटवर नियम लिहून तर लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपुरात बागा कमी नाहीत, पण कोणती बाग किती वाजता उघडते, कधी बंद होते आणि आत चटई टाकून घरचा डबा खाल्ला तर चालतं का, हे गेटवर गेल्याशिवाय कळत नाही, आणि गेटवर गेल्यावरही त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे त्यावर सगळं ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जो काही नियम असेल तो मराठीत मोठ्या अक्षरात बोर्डावर लिहा, आणि तो सगळ्यांना सारखा लावा.

आमच्या कॉलनीतल्या बायका दर कार्तिकात आवळी भोजन करतात. घरून पुरी-भाजी, वडा-भात, कढी असं सगळं शिजवून नेतात, आवळ्याच्या झाडाखाली पूजा होते, जेवणं होतात, पत्रावळ्या गोळा करून परत. आता अंगणात आवळ्याचं झाड किती जणांकडे उरलं आहे, सगळीकडे फ्लॅट झाले, म्हणून बागेत जावं लागतं. एका वर्षी गार्डने गेटवरच अडवलं, "परवानगी आणा, वरून सांगून राहिले आम्हाला." कोणाची परवानगी, फॉर्म कुठे मिळतो, फी किती, त्याला काहीच माहीत नव्हतं. ऑफिसात गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि शेवटी "अर्ज देऊन ठेवा, बघू". अर्ज दिला, उत्तर आलं नाही आणि तिथी निघून गेली. पुढच्या वर्षी त्याच बागेत दुसरा गार्ड होता, त्याने एका शब्दाने विचारलं नाही. त्याच दिवशी पलीकडच्या लॉनवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा स्पीकर जोरात सुरू होता, त्यालाही कोणी विचारलं नाही. मी गार्डला दोष देत नाही, तो बिचारा कंत्राटी माणूस, त्याच्या हातात लेखी काही दिलेलंच नसतं तर तो तरी काय करणार.

गोंधळाचं एक कारण आहे की शहरातल्या बागांचे मालक वेगवेगळे आहेत. काही महापालिकेच्या, काही नासुप्रच्या म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, महाराजबाग कृषी विद्यापीठाची, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वन विभागाचं. जिथे प्राणी आहेत किंवा जंगल आहे तिथले नियम कडक असणारच आणि असलेच पाहिजेत, उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात एक काडी पडली तर काय होतं हे सांगायला नको. पण वस्तीतल्या साध्या बागेला तोच धाक कशाला? आणि सामान्य माणसाला सात-बारा बघून थोडीच फिरायला जाता येतं.

मला विचाराल तर शिजवलेलं अन्न आणून वीस-पंचवीस जणांनी चटईवर बसून खायला परवानगी लागूच नये. चूल, गॅस, मंडप, स्पीकर यातलं काहीही असेल तर परवानगी हवी, आणि त्यासाठी ठरलेली फी, पक्की पावती आणि साफसफाईचं डिपॉझिट घ्या, जागा स्वच्छ दिसली की त्याच संध्याकाळी परत करा. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 सांगतं की कार्यालयाने आपले नियम आणि कोणाला परवाने दिले त्याची माहिती स्वतःहून जाहीर करायची, कोणी अर्ज करायची वाट बघायची नाही. आणि 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही आहेच, त्यात बागेची परवानगी अमुक दिवसांत मिळेल असं अधिसूचित करून टाका, म्हणजे तिथी निघून जायची भीती नाही.

आता वेळेचं. हा विषय मला डब्यापेक्षाही मोठा वाटतो. कितीतरी बागा सकाळी उघडतात, दुपारी कुलूप, मग संध्याकाळी पुन्हा उघडतात. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही, 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दुपारी शहरातली सगळ्यात दाट सावली कुलपाच्या आत आणि माणसं बाहेर डिव्हायडरवर! डिलिव्हरीवाली पोरं, बांधकामावरचे मजूर, गडचिरोली-बालाघाटहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, अभ्यासाला जागा शोधणारी एमपीएससीची पोरं, यांनी बारा ते चार कुठे बसायचं? उन्हाळ्यात बागा दुपारी उघड्या ठेवू असं हीट ॲक्शन प्लॅनच्या नावाने ऐकायला मिळतं, पण ते प्रत्येक गेटपर्यंत पोचलं पाहिजे, आणि आत पिण्याचं पाणीही पाहिजे. काही जण म्हणतात दुपारी उघडलं की पोट्टे-पोट्टी येऊन बसतात म्हणून कुलूप बरं. मला हे अजिबात पटत नाही, कोणी बसलं म्हणून पूर्ण शहराची सावली बंद करायची का, त्यापेक्षा एक माणूस फेरी मारायला ठेवा.

संध्याकाळची वेळही वर्षभर एकच नको. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातला येतो, आणि मे महिन्यात तर रात्री आठशिवाय घराबाहेर पाय ठेववत नाही, नेमकं तेव्हाच शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढायला सुरुवात होते. त्या दोन-अडीच महिन्यांत तरी रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवून बाग उघडी ठेवावी.

कचऱ्याची तक्रार खरी आहे, लोक वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा तशाच टाकून जातात, प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे तरी. अशांना जागेवर दंड करा, आमचा पूर्ण पाठिंबा आहे, पण दंड किती तेही त्याच बोर्डावर असू द्या.

बोर्डाला पैसे नाहीत असं उत्तर येऊ नये म्हणून सांगते, आमच्या भागातल्या बागेच्या बोर्डाचा खर्च आम्ही कॉलनीतले लोक वर्गणी करून द्यायला तयार आहोत. त्यावर काय लिहायचं ते तेवढं संबंधितांनी सही-शिक्क्यानिशी द्यावं, आणि यंदाच्या कार्तिकाच्या आधी द्यावं.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर